भरतीच्या टोकावरचे चिपळूण

कोकणाच्या नकाशात जुनी बंदरे शोधायला बसले की एक कोडे पडते. बंदर म्हणजे समुद्रकाठचे गाव असे आपण धरून चालतो. पण महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही एकेकाळची नावाजलेली बंदरे समुद्रावर नाहीतच. यांपैकी एकाही गावातून लाट दिसत नाही की गाज ऐकू येत नाही. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचे मुख दाभोळ-अंजनवेलला आहे. तिथून पाण्याच्या वाटेने वळणे घेत चिपळूणला यायचे तर चाळीसेक किलोमीटर आत शिरावे लागते. दाभोळसारखे मोठे बंदर तोंडाशीच असताना व्यापाऱ्याने आपला माल डोंगराच्या पायथ्यापर्यंत पाण्यातून का न्यावा?

दुसरा प्रश्न अलीकडचा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि दुकानांचे, घरांचे तळमजले बुडाले. टीव्हीवर ती दृश्ये पाहून अनेकांनी विचारले की इतक्या सखल जागी गाव वसवलेच कसे? हा प्रश्न चिपळूणकरांना फार लागतो, कारण त्यात पूर्वजांना वेड्यात काढल्याचा सूर असतो. ते वेडे नव्हते. गाव जिथे आहे तिथेच का वाढले, हे पायरीपायरीने पाहिले तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात.

नदी उलटी वाहते तेव्हा

उन्हाळ्यात चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर काही तास थांबले तर खाडीचे पाणी आधी समुद्राकडे आणि मग डोंगराकडे जाताना दिसते. कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून शेकडो मीटर खाली कोसळतात, पण पायथ्याशी आल्यावर त्यांना उतारच उरत नाही. चिपळूणची बाजारपेठ समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. तिथून खाली नदीचा तळ जवळजवळ सपाट होतो, आणि पुढे तर तो समुद्राच्या पातळीच्याही खाली जातो.

याचे कारण फार जुने आहे. हिमयुगात पृथ्वीवरचे पुष्कळ पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्र आजच्यापेक्षा बराच खाली होता. त्या खालच्या समुद्राला गाठण्यासाठी नद्यांनी आपल्या दऱ्या खोल कोरल्या. बर्फ वितळला, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांमध्ये शिरून बसला. आपण ज्यांना खाड्या म्हणतो, त्या अशा बुडालेल्या दऱ्या आहेत.

समुद्राचे पाणी चंद्र-सूर्याच्या ओढीने दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी जास्त चढते. ती उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, तेव्हा पाणी कमी हलते. त्याला भांग म्हणतात. खाडीच्या मुखाशी पाणी चढले की त्याला आत शिरण्यावाचून गत्यंतर नसते. ते नदीला मागे रेटत आत येते. वाटेत पात्र अरुंद होते, तळ घासतो, जोर कमी होत जातो आणि अखेर एका ठिकाणी ते थांबते. वाशिष्ठीवर ती जागा चिपळूणपाशी आहे. इथून वर पात्रात खडक लागतात आणि उतार सुरू होतो.

खाडीतल्या तांडेलांनी या येण्याजाण्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. भरती सुरू झाली की दाभोळहून मचवा सोडायचा, पाणीच तो वर घेऊन येते. एका भरतीत पोचता आले नाही तर मध्ये नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहायची. परत जाताना ओहोटी धरायची. यात उष्ण हवामानाची आणखी एक मदत होते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. म्हणजे दुपारची भरती मिळाली तर पाणी आणि वारा दोन्ही वरच्या अंगाला, आणि पहाटेची ओहोटी साधली तर दोन्ही खाली. इंधन लागत नव्हते, हातांना वल्ह्यांचे कामही थोडेच.

आत येण्याचे आणखी फायदे होते. मुखाजवळच्या गावांत गोड्या पाण्याची वानवा, तर इथे ते हाताशी. लाकडी गलबतांना पोखरणारा किडा खाऱ्या पाण्यात जगतो, गोड्या पाण्यात मरतो, त्यामुळे नाव काही दिवस वरच्या पाण्यात उभी राहिली तर तिचे आयुष्य वाढते. शिवाय समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना तोंडावरचे बंदर गाठणे सोपे, चाळीस किलोमीटर आतले अवघड.

शंभर बैल आणि एक मचवा

पण एवढ्यावर बाजारपेठ उभी राहत नाही. खरी मेख मालाच्या वाहतुकीच्या हिशेबात आहे.

रस्ते नव्हते तेव्हा जमिनीवरून माल बैलांच्या पाठीवरून जाई. एक बैल शे-सव्वाशे किलो ओझे नेतो असे धरले, तर दहा टनांच्या एका लहानशा मचव्यातला माल वाहायला शंभराच्या आसपास बैल लागतात. त्या शंभर बैलांना रोज चारा हवा, पाणी हवे, हाकायला माणसे हवीत. मचव्याला चार-सहा खलाशी पुरतात. म्हणून व्यापाऱ्याचा नियम साधा होता: पाणी जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत पाण्यानेच जायचे आणि पाणी संपेल तिथे बैल जोडायचे. पाणी चिपळूणला संपत होते, म्हणून बैल चिपळूणला उभे राहत.

तिथून पुढचा मार्ग कुंभार्ली घाटाचा. सह्याद्रीची भिंत कोकणाला देशापासून तोडते. तिच्यात चढण्याजोग्या वाटा मोजक्याच, आणि कुंभार्ली त्यांतली बरी. घाटमाथ्यावर पोचले की कोयनेचे खोरे लागते, आणि ते खोरे पाटणवरून सरळ कराडला नेऊन पोचवते, जिथे कोयना कृष्णेला मिळते. ही वाट किती जुनी आहे याची खूण दगडात आहे. चिपळूणजवळ बौद्ध लेणी आहेत आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाला कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेण्यांचा मोठा समूह आहे. बौद्ध भिक्षूंचे विहार बहुधा व्यापारी मार्गांच्या कडेने कोरले गेले. तांड्यांना तिथे आसरा मिळे आणि विहारांना व्यापाऱ्यांकडून दान. दोन्ही टोकांना लेणी सापडावीत, हा योगायोग मला वाटत नाही.

घाटावरून खाली यायचे धान्य, गूळ, मिरची, तंबाखू, कापूस. खालून वर जायचे मीठ, सुकी मासळी, नारळ, खजूर आणि समुद्रापलीकडून आलेला बारीकसारीक माल. यांत मिठाचे महत्त्व आपण विसरत चाललो आहोत. देशावरच्या माणसाला आणि गुराला मीठ हवेच, आणि ते समुद्राखेरीज मिळवणे कठीण.

आता या हिशेबात पाऊस घाला. चिपळूणला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घाटमाथ्यावर त्याहून जास्त. ज्येष्ठात समुद्र खवळला की नावा वर ओढून शाकारून ठेवायच्या, त्या नारळी पौर्णिमेनंतर बाहेर काढायच्या. घाटातली वाटही याच काळात निसरडी आणि ओढ्यांनी तुटलेली. म्हणजे बंदर आणि घाट दोन्ही वर्षातले आठ महिने चालू, चार महिने बंद. शिवाय घाटावरचा माल सुगीनंतर उतरणार आणि मुंबई-गुजरातकडची गलबते वाऱ्याच्या सोयीने येणार. दोघांची गाठ एकाच दिवशी पडण्याची शक्यता नाही.

गाव कसे जन्माला येते याचे खरे उत्तर मला इथे दिसते. माल एका वाहनातून उतरून दुसऱ्यावर चढतो तिथे तो थांबतो. थांबला की वखार लागते, आणि कोकणातल्या पावसात ती वखार जांभ्या दगडाची, उंच जोत्याची हवी. वखार आली की मालाचे माप घेणारा येतो, दलाल येतो, पावसाळाभर पैसे उधार देणारा सावकार येतो. बैलांसाठी चारा, नाल मारणारा, खोगीर शिवणारा, नावांसाठी सुतार आणि दोर वळणारा. खाडीकाठच्या गावांतले कोकणी मुसलमान, भोई, खारवी यांच्या हातात पाण्यावरचा व्यवहार, घाटाकडून येणाऱ्यांच्या हातात जनावरे, आणि मध्ये पेठ. दोन वाहने आणि दोन ऋतू यांच्यामधला वेळ भरून काढण्यासाठी चिपळूण उभे राहिले.

नदी ओलांडायची पहिली जागा

तिसरे कारण सहसा सांगितले जात नाही, पण ते तितकेच महत्त्वाचे आहे. कोकणात उत्तर-दक्षिण प्रवास करणाऱ्याला प्रत्येक खाडी आडवी येते. मुखाशी ती इतकी रुंद असते की तरीशिवाय गती नाही. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जायला आजही फेरीबोट लागते. वर सरकत गेले की खाडी अरुंद होते, आणि भरती संपते तिथे पहिल्यांदा नदी उथळ आणि चिंचोळी मिळते. पायी उतार तिथे आणि पुढच्या काळात पूलही तिथेच.

मुंबई-गोवा महामार्ग महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण या जुन्या बंदरांमधून किंवा त्यांच्या अंगावरून का जातो, याचे उत्तर यात आहे. रस्ता बांधणाऱ्यांनी बंदरांचा इतिहास पाहून आखणी केली असेल असे नाही. भरतीच्या टोकांना जोडणारी रेषा काढली की ती आपोआप या गावांतून जाते. पूर्व-पश्चिम जाणारा मीठ-मिरचीचा मार्ग आणि उत्तर-दक्षिण जाणारी वाट चिपळूणला एकमेकींना छेदतात. अशा चौकातले गाव एक धंदा बुडाला तरी दुसऱ्यावर तरते. पुढे तसेच झाले.

चौकट: भरतीची वेळ पंचांगावरून

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, रीत एकच, आणि दिवस-रात्र दोन्ही भरत्यांना ती लागू पडते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करताना आपण दिवसाला ४५ मिनिटे धरतो, तेव्हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. ही वेळ मुखाजवळची. खाडीत आत जावे तसा तिला उशीर होत जातो.

किल्ले, जकात आणि परशुराम

जिथून माल जातो तिथे सत्ता बसते. खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा गोपाळगड आणि आतल्या टोकाला, नदीच्या वळणात उभा असलेला गोवळकोट, या दोन किल्ल्यांमध्ये सगळी खाडी बंदिस्त होते. दोन्ही ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात.

तोंडावरच्या दाभोळचे भाग्य मोठे होते आणि दुर्दैवही मोठे. बहमनी आणि आदिलशाही काळात ते पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत गणले जाई. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज सेनानी फ्रान्सिस्को द अल्मैदा याने ते जाळून बेचिराख केले. दाभोळ पुन्हा उठले, पण समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक बसल्यावर त्याला पहिली झळाळी आली नाही. चिपळूणचे वैभव कधीच इतके नव्हते, म्हणून त्याची पडझडही अशी एका दिवसात झाली नाही. घाट चालू होता तोवर त्याचे पोट चालू होते.

सतराव्या शतकात हा मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने अंजनवेल-गोवळकोट मिळवले. गावावरच्या डोंगरातले परशुरामाचे देवस्थान याच काळात राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. ब्रह्मेंद्रस्वामींनी ते नावारूपाला आणले होते. स्वामींना मानणाऱ्यांत छत्रपती शाहू आणि पेशवे होते, तसेच सिद्दीही होता. १७२७ मध्ये अंजनवेल-गोवळकोटचा सुभेदार सिद्दी सात याने हे देवस्थान लुटले, आणि मराठे व सिद्दी यांच्यातल्या वैराला त्यामुळे धार आली. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांच्या हातून सिद्दी सात मारला गेला.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. भरती-ओहोटीच्या सीमेवर राहणाऱ्या लोकांच्या मनात समुद्राच्या पुढे-मागे होण्याची कथा इतकी खोल रुजावी, याचे मला नवल वाटत नाही.

धक्क्यावरची गर्दी ओसरली

इंग्रजी अमलात आधी भरभराट झाली. कुंभार्ली घाटात बैलगाडीचा रस्ता झाला, आणि गाडी बैलाच्या पाठीपेक्षा कितीतरी जास्त माल आणते. १८६४ मध्ये गावात वाचनालय सुरू झाले, तेच आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. १८७६ मध्ये नगरपालिका आली. वाचनालय आधी आणि नगरपालिका नंतर, या क्रमाचा चिपळूणकरांना अभिमान वाटला तर तो रास्त आहे. याच वाचनालयाच्या पुढाकाराने जानेवारी २०१३ मध्ये ८६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळूणला भरले.

मात्र घाटावर बदल घडत होता. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि मुंबई थेट पुण्याला जोडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज मार्ग सातारा-कराडच्या बाजूने गेला. कराडच्या व्यापाऱ्यापुढे आता दोन वाटा होत्या. एक, गाड्या जुंपून घाट उतरायचा, चिपळूणला माल नावेत चढवायचा, दाभोळला तो मोठ्या जहाजात घालायचा आणि मुंबई गाठायची. दुसरी, स्टेशनवर डब्यात भरायचा आणि रेल्वेने मुंबईला न्यायचा, तोही भर पावसात. दुसरी वाट कोण घेणार नाही? चिपळूण ज्या अदलाबदलीवर जगत होते, ती अदलाबदलच अनावश्यक ठरली.

त्यातच खाडी उथळ होत गेली. सह्याद्रीच्या उतारावरची झाडी सरपणासाठी, कोळशासाठी आणि शेतीसाठी तुटली. झाडाची पाने पावसाचा मारा झेलतात आणि मुळे माती धरून ठेवतात. दोन्ही गेली की पावसाळ्यात लाल माती नदीत येते. नदी ती उतारावरून वेगाने ओढून आणते, पण चिपळूणपाशी उतार संपतो, समोरून भरती येते, वेग मोडतो आणि माती तळाशी बसते. गाळ बरोबर त्याच जागी साठतो, जिथे नावा लागत. वाफेवर चालणाऱ्या बोटींना तर खोल पाणी हवे. त्या दाभोळला थांबत. मुंबईहून येणारे चाकरमानी तिथे उतरून लहान लाँचने गोवळकोटपर्यंत येत. पुढे सडक सुधारली, एस.टी. आली, आणि बोटीची ही वाहतूकही आटली.

१९०१ मध्ये चिपळूणची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती ५५ हजार झाली. धक्का ओस पडल्यावर गाव सातपटीने कशाच्या बळावर वाढले?

डोंगरापलीकडचे पाणी

चौकातल्या दुसऱ्या वाटेने गावाला हात दिला. महामार्गामुळे चिपळूण उत्तर रत्नागिरी जिल्ह्याची बाजारपेठ झाले. गुहागर, खेड, संगमेश्वरकडची माणसे खरेदीला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला इथे येऊ लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण याहून वेगळी आणि फार मोठी गोष्ट डोंगराच्या पोटात घडली होती.

कोयना पूर्वेकडे वाहते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. तिच्यावर हेळवाकजवळ धरण बांधले, तेव्हा अभियंत्यांनी एक गोष्ट हेरली. धरणाचा जलाशय घाटमाथ्यावर आहे, आणि सह्याद्रीच्या कड्याखाली, काही किलोमीटरवर, कोकण कित्येक शे मीटर खाली आहे. डोंगरातून बोगदा काढला तर तेच पाणी पश्चिमेला कोसळवता येते, आणि पाणी जितके उंचावरून पडेल तितकी जास्त वीज. १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजघरात निर्मिती सुरू झाली. पुढे टप्पे वाढत गेले, कोळकेवाडीला दुसरे धरण झाले आणि प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास पोचली. महाराष्ट्राच्या कारखान्यांना आणि घरांना संध्याकाळच्या वेळी लागणारी वीज बऱ्याच अंशी इथून आली.

जनित्रे फिरवून झाल्यावर जे पाणी बाहेर पडते, त्याला इथले लोक अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणी तंट्याच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर. मर्यादेइतके पाणी वर्षभर सारखे सोडले असे धरले, तर सेकंदाला साठ हजार लिटर पाणी वाशिष्ठीत येते. प्रत्यक्षात ते विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होते.

परिणाम असा की कोकणातल्या इतर नद्या मे महिन्यात डबक्यांपुरत्या उरतात, तेव्हा वाशिष्ठी वाहत असते. निसर्गाने बंगालच्या उपसागराकडे पाठवलेले पाणी चिपळूण पिते. या भरवशाच्या पाण्यामुळे खेर्डी-खडपोली आणि लोटे-परशुराम येथे औद्योगिक वसाहती वाढल्या, नोकऱ्या आल्या, त्यांच्यासाठी घरे आली. अवजल थांबले की खारे पाणी वर सरकते आणि शहराच्या नळांना त्रास होतो, यावरून हे गाव त्या पाण्यावर किती टेकले आहे ते कळते. दुसरी बाजूही सांगायला हवी. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मरते, अशी भोई आणि खारवी समाजाची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. ज्यांच्या तांडेलांनी हे बंदर चालवले, त्यांच्याच नातवंडांच्या जाळ्यात मासळी येत नाही. वाढीचा हिशेब मांडताना हा खर्च बाजूला ठेवता येणार नाही.

पूर कसा चढतो

आता २०२१ कडे येऊ. न्हाणीघरात बादलीभर पाणी एकदम ओतले आणि मोरीच्या तोंडाशी बोळा असला तर काय होते ते सर्वांना माहीत आहे. चिपळूणला मोरी तीन बाजूंनी तुंबते.

पहिली गोष्ट, पाणी येण्याचा वेग. वाशिष्ठीचे खोरे आखूड आणि तीव्र उताराचे आहे. तिवरे, पोफळी, कोळकेवाडीकडे पडलेला पाऊस काही तासांत शहरात पोचतो. गंगा-गोदावरीचा पूर दिवसांच्या हिशेबाने येतो, हा तासांच्या हिशेबाने. दुसरी गोष्ट भरती. तिने वाट अडवली की नदीचे पाणी समुद्रात जाण्याऐवजी साठत राहते. तिसरी गोष्ट गाळ. पात्र जितके भरलेले, तितकी त्यात पाण्याला जागा कमी. शहरातून वाहणारी शिव नदी वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी तुडुंब झाली की शिव नदीचे पाणी आत शिरू शकत नाही आणि ते मागे फिरून थेट वस्तीत पसरते.

२२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे भरती उधाणाकडे चाललेली. तेराची पाऊणपट केली की पावणेदहा येतात, आणि खाडीत आत त्याला आणखी उशीर. आदल्या रात्रभर सह्याद्रीवर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत होता. पहाटे पाणी शहरात शिरले आणि ते उतरायला हवे त्या सकाळच्या वेळी समोरून समुद्र चढत होता. कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्याचा यात किती वाटा, यावर पुढे बराच वाद झाला. माझ्या समजुतीप्रमाणे रात्रभराचा पाऊस, भरती आणि गाळ ही तीन कारणेच मोठा पूर आणायला पुरेशी होती. धरणातून येणारे पाणी त्यांत भर घालू शकते, म्हणून त्याचे वेळापत्रक लोकांना आधी कळलेच पाहिजे.

जुने चिपळूण पाण्याला ओळखून बांधलेले होते. वखारी नदीकाठी, कारण माल डोक्यावरून फार लांब वाहणे परवडत नसे, पण त्यांची जोती उंच आणि आत माळे. देवळे आणि बरीच घरे उतारावर. नदीच्या कडेची भातखाचरे पावसाळ्यात पाण्याखाली जात, आणि तेच त्यांचे काम होते: चढलेले पाणी ती पोटात घेत. गाव महामार्गाच्या बाजूने वाढले तेव्हा ही खाचरे भराव घालून बुजली. दुकानाला पायऱ्या नकोत म्हणून जोते रस्त्याच्या पातळीला आले. तळमजल्यावर गाळे, गोदामे, बँका, दवाखाने. वाचन मंदिरातल्या मोलाच्या ग्रंथांना २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचा फटका बसला. पूर्वजांनी सखल जागा निवडली खरी, पण तिथे राहण्याच्या अटीही त्यांना ठाऊक होत्या. त्या अटी आपण मोडल्या.

निळी आणि लाल रेषा

२०२१ नंतर शहरात पूररेषांवरून मोठा असंतोष झाला, म्हणून त्या समजून घेऊ. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा. तिच्या आत नवे बांधकाम निषिद्ध. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधता येते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून माणूस निश्चिंत होतो की आता पुढची शंभर वर्षे काळजी नाही. तसे नाही. दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, आणि मागच्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षे फेडायच्या गृहकर्जाचा काळ घेतला, तर लाल रेषेवरच्या घराला त्या काळात एकदा तरी पूर पाहावा लागण्याची शक्यता २६ टक्के येते. निळ्या रेषेवरच्या घराला ती ७१ टक्के. घर घेणाऱ्याला हे दोन आकडे करारनाम्यावर छापून मिळाले पाहिजेत असे मला वाटते.

अडचण अशी की जुनी बाजारपेठ जवळजवळ सगळी या रेषांच्या आत येते. तिला उचलून डोंगरावर नेता येत नाही, कारण गिऱ्हाईक रस्त्याच्या चौकात येते, आणि चौक नदीपाशी आहे. नागरिकांनी २०२१ च्या अखेरीस साखळी उपोषण केले आणि त्यानंतर वाशिष्ठी-शिव नद्यांतला गाळ काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. गाळ काढल्याने पात्राला जागा मिळते, पण उतारावरून माती येत राहिली तर भरतीच्या टोकावर ती पुन्हा बसणारच. म्हणजे हे काम एकदाचे नाही, नालेसफाईसारखे दर काही वर्षांनी करायचे, आणि सोबत वरच्या गावांतली झाडी वाढवायची.

वरच्या गावांचे हित आणि शहराचे हित इथे एकच आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. झोपेतल्या माणसांना सावध करायला कोणी नव्हते. वाशिष्ठीच्या खोऱ्यात पावसाचे पाणी शहरात पोचायला जे काही तास लागतात, तेवढीच सवड आपल्याला मिळते. तिवरे, पोफळी, कोळकेवाडीच्या पर्जन्यमापकांचे आकडे दर तासाला, रात्रीसुद्धा, शहरात पोचले पाहिजेत. भरतीच्या वेळा तर वर्षभर आधी छापून मिळतात. अवजलाचे वेळापत्रक वीजघराकडे असते. ही तिन्ही प्रकारची माहिती एका फळ्यावर आणली तर बाजारपेठेतल्या दुकानदाराला माल माळ्यावर चढवायला आणि दवाखान्याला रुग्ण हलवायला चार-पाच तास मिळू शकतात. दर पावसाळ्यापूर्वी, उधाणाच्या तिथ्या हेरून, ती व्यवस्था चालू आहे की नाही हे नगरपालिकेने भोंगा वाजवून तपासून पाहावे.